'असो' आणि कंस : मराठी गद्यातील दुय्यम मजकुराचा प्रश्न

महाराष्ट्रात वणी या नावाची दोन गावे सर्वांच्या परिचयाची आहेत. एक यवतमाळ जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण, कोळशाच्या खाणींमुळे ओळखले जाणारे. दुसरे नाशिक जिल्ह्याच्या दिंडोरी तालुक्यातील, सप्तशृंगीच्या गडामुळे ओळखले जाणारे. म्हणून पत्त्यावर, निमंत्रणपत्रिकेवर, याद्यांमध्ये 'वणी (नाशिक)' असे लिहावे लागते. या कंसाकडे कोणी लक्ष देत नाही. लक्ष जाऊ नये अशीच त्याची योजना असते. परंतु वणीत राहणारा माणूस वणीतल्याच माणसाला लिहिताना हा कंस घालणार नाही. म्हणजे कंसातील माहिती ही त्या गावाविषयी जितकी सांगते त्याहून अधिक ती वाचक कोठे उभा आहे, हे सांगते. लिहिणाऱ्याने गृहीत धरलेल्या परक्या वाचकाची ती खूण असते.

याच गावाच्या निमित्ताने दुसऱ्या प्रकारचा कंसही पाहता येतो. 'सप्तशृंगी देवी (वणी)' असे आपण वाचतो. वस्तुतः गड कळवण तालुक्यात आहे, त्याच्या पायथ्याचे गाव नांदुरी; वणी शेजारच्या तालुक्यात. महसुली दृष्टीने कंसात 'कळवण' यायला हवे. तरीही लोकांच्या तोंडी 'वणीची देवी' आणि 'वणीचा गड' हेच आहे. चैत्रोत्सवासाठी खानदेशातून पायी निघालेल्या यात्रेकरूला विचारले तर तो 'वणीला चाललो' म्हणेल. येथे कंसाबाहेर पोथीतले नाव आहे आणि कंसात लोकांचे. पहिल्या उदाहरणात कंसातील शब्द केवळ ओळख पटवतो. दुसऱ्यात तो प्रत्यक्ष वापरातील नाव असूनही त्याला खालच्या आसनावर बसविले जाते. (साडेतीन पीठांच्या गणनेतही या स्थानाच्या वाट्याला 'अर्धे' आले आहे. ज्यांची ती कुलदेवता आहे त्यांच्या घरात मात्र अर्ध्याचा हिशेब कधी होत नाही.)

एकच चिन्ह इतकी वेगळी कामे करत असेल, तर त्याला विरामचिन्ह म्हणणे कितपत योग्य, असा प्रश्न पडतो. शाळेत घोकवल्या जाणाऱ्या यादीत पूर्णविराम, अर्धविराम, स्वल्पविराम, प्रश्नचिन्ह, अवतरणचिन्ह, संयोगचिन्ह अशी नावे येतात. कंस तीत अनेकदा नसतोच. या वगळण्यात एक नकळत आलेला समंजसपणा आहे. स्वल्पविराम श्वासाशी बांधलेला आहे, प्रश्नचिन्ह सुराशी. कंसाला ठरलेला श्वास नाही, ठरलेला सूर नाही. मोठ्याने वाचणारा कंसापाशी आला की आवाज थोडा खाली आणतो, किंवा सरळ 'कंसात' असा शब्द उच्चारतो. बोलतानाही आपण 'कंसात सांगायचे तर' म्हणतो. 'स्वल्पविरामात सांगायचे तर' असे कोणी म्हणत नाही. कंस मजकुराची प्रत ठरवितो. मुख्य कोणते, गौण कोणते, याचा निवाडा तो करतो, आणि तोही वाचकाने एक अक्षर वाचण्यापूर्वी.

गणितात याच्या नेमके उलट घडते. 'कंचेभागुबेव' पाठ केलेल्या कोणत्याही मराठी विद्यार्थ्याला ठाऊक असते की कंस आधी सोडवायचा. बाहेरच्या बेरजा-वजाबाक्यांनी थांबायचे. कंसाच्या आतले मूल्य ठरल्यावाचून राशीला अर्थच येत नाही. भाषेत आपण जे मागाहून आणि हळू आवाजात वाचतो, त्याला अंकगणित पहिला मान देते. पुढील विवेचनाचा रोख असा की मराठी गद्यातील कंस पुष्कळदा दिसायला भाषेचा आणि वागायला गणिताचा असतो.

कंसाचे छापील रूप मराठीत विरामचिन्हांबरोबर आले. युरोपात इरॅस्मसने या जोडीला चंद्रकोरीवरून लॅटिन नाव दिले होते. आपल्याकडे तिला भूमितीतल्या वर्तुळकंसाचे नाव मिळाले. मेजर थॉमस कँडी यांची 'विरामचिन्हांची परिभाषा' १८५० सालची. त्यापूर्वीचे मोडी लेखन शब्दांतही अंतर न ठेवता चालत असे. पोथ्यांत दंड होता, पण वाक्यात वाक्य शिरले आहे हे दाखविणारी खूण नव्हती. याचा अर्थ वाक्यात वाक्य शिरत नव्हते असा नाही. संस्कृत काव्यशास्त्राला ही गोष्ट पूर्ण परिचित होती. मम्मटाने 'काव्यप्रकाशा'च्या सातव्या उल्लासात वाक्यदोष सांगताना दोन जवळचे दोष वेगळे केले आहेत : एका वाक्याची पदे दुसऱ्यात मिसळली तर 'संकीर्ण', आणि एका वाक्याच्या पोटात दुसरे अखंड वाक्य येऊन बसले तर 'गर्भित'. हा भेद बारीक आहे आणि आजच्या संपादकांनीही लक्षात ठेवावा असा आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे 'गर्भित' काही ठिकाणी गुणही ठरतो, असे मम्मट पुढे मान्य करतो. आवेगात बोलणाऱ्याचे वाक्य मध्येच फुटते, आणि ते फुटणे हाच तेथे अर्थ असतो. गुण की दोष हे त्या वाक्याच्या कामावर ठरते. खूण आधी घालून ते ठरविता येत नाही.

मराठीने या प्रश्नाला स्वतःचे एक उत्तर शोधले होते. ते इतके रोजच्या वापरातले आहे की त्याची गणना कोणी विरामचिन्हांत केली नाही. तो शब्द म्हणजे 'असो'.

ज्ञानदेवांच्या रचनेत हा शब्द, कधी 'हें असो' अशा रूपात, वारंवार भेटतो. १२९० सालची ही टीका श्रोत्यांसमोर उलगडत जाणारे कथन आहे. एका पदाच्या स्पष्टीकरणासाठी दृष्टान्त येतो, त्याला जोडून दुसरा, मग तिसरा. मध्येच गुरुस्तवन येते, श्रोत्यांची विनवणी येते. गीतेचा श्लोक दूर राहतो. आणि मग 'असो' म्हणून कथनाची वाट पुन्हा धरली जाते. या शब्दाचे व्याकरण पाहण्यासारखे आहे. 'अस' धातूचे हे आज्ञार्थी, अनुमतिवाचक रूप : राहू दे, असू दे. जे सांगितले ते खोडले जात नाही; ते आहे तेथे राहावे आणि आपण पुढे जावे, एवढीच परवानगी मागितली जाते.

छापील कंसाशी याची तुलना केली म्हणजे फरक स्पष्ट होतो. कंस जोडीने येतो, आणि सारा प्रभाव त्याच्या पहिल्या अर्ध्याचा असतो. तो उघडताच वाचकाला सांगितले जाते की आता येणारे दुय्यम आहे. 'असो'ला फक्त शेवटचा अर्धा आहे. आरंभ कोठे झाला याची खूणच नाही. विषयांतर चालू असते तेव्हा ते विषयांतर आहे हे श्रोत्याला ठाऊक नसते. तो ते पूर्ण लक्षाने ऐकतो. 'असो' आल्यावर मागे वळून त्याला कळते की आपण मुख्य वाटेपासून दूर गेलो होतो. आणि किती दूर गेलो होतो, हे त्याने स्वतःच ठरवायचे असते. दृष्टान्तमालेतला पहिला दृष्टान्त विषयांतरात धरायचा की विषयात, याविषयी दोन वाचकांचे मतभेद होऊ शकतात. छापील कंसाने हे मतभेद मिटवून टाकले. मिटवून टाकले म्हणजे वाचकाचा तो अधिकार लेखकाने आपल्याकडे घेतला.

कीर्तनकाराच्या आख्यानात आणि आजच्या खाजगी पत्रातही 'असो' हेच काम करतो. घरातल्या आजारपणाविषयी, वाटणीविषयी, मनाला लागलेल्या एखाद्या शब्दाविषयी चार ओळी लिहून झाल्या की 'असो' येतो आणि मग पीकपाण्याची चौकशी. अशा पत्रात खरा मजकूर त्या चार ओळींतच असतो, हे पत्र मिळणाऱ्याला समजते. लिहिणाऱ्याने त्या ओळी कंसात टाकल्या असत्या तर पत्र शहाणपणाचे झाले असते आणि कोरडे.

दुय्यम ठरविण्याला नकार देण्याचे याहून ठाम उदाहरण महानुभावांच्या गद्यात आहे. म्हाइंभटांनी चक्रधरांच्या आठवणी त्यांच्या सहवासातील माणसांकडून गोळा करून 'लीळाचरित्र' सिद्ध केले. पुढे मूळ पोथी धाडीत नष्ट झाल्यावर अनुयायांनी ती स्मरणातून पुन्हा उभी केली, आणि त्यातून हिराइसा, परशरामबास अशा नावांचे पाठ निर्माण झाले. आधुनिक संपादक अशा वेळी एक पाठ मुख्य ठरवितो आणि उरलेले तळटिपेत किंवा चौकटी कंसात ठेवतो. महानुभाव लेखकांनी 'तथा' म्हणून किंवा ज्याची आठवण त्याचे नाव घेऊन दुसरा पाठ त्याच ओळीत, त्याच अक्षरात, शेजारी ठेवला. कारण त्यांच्या दृष्टीने यातली प्रत्येक आठवण चक्रधरांपर्यंत पोचणारी होती. तिला खालची पायरी देण्याचा अधिकार संकलकाला नव्हता. ही पद्धत वाचायला अवघड आहे यात शंका नाही. वि. भि. कोलते यांच्या १९७८ च्या आवृत्तीसारखी संपादने हाताशी नसती तर आपल्यापैकी फारच थोडे तिथवर पोचले असते. परंतु अशी संहिता वाचताना आपण जी सोय मागतो ती मुद्रणसंस्कृतीची सवय आहे; संहितेची ती गरज नव्हती, एवढे भान ठेवायला हवे. मराठीत बहुपाठी संहितेची चर्चा परदेशी सिद्धान्तांच्या आधाराने पुष्कळ झाली, आणि तिच्यात 'तथा'चा उल्लेख क्वचितच आला, हे जाता जाता नोंदवतो.

आता एकोणिसाव्या शतकातील एका वेगळ्या कंसाकडे वळू. मोल्सवर्थच्या कोशात शब्दामागे कंसात एक अक्षर येते. ते शब्दाचे मूळ सांगते : संस्कृत, फारसी, अरबी, हिंदुस्थानी. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीच्या कामात कँडीही होते, म्हणजे मराठीला विरामचिन्हे शिकविणारे आणि शब्दांना हे अक्षर लावणारे हात एकच होते. कोशकाराला व्युत्पत्ती देणे भागच आहे. त्याबद्दल तक्रार नाही. परंतु त्या कंसाने एक रिवाज घातला. शब्द वापरात आहे, लोक तो बोलतात, एवढे पुरेसे नाही. तो कोणाच्या घरचा हे शेजारी लिहिलेले असले म्हणजे तो प्रमाणित झाला. शब्दापाठोपाठ येणारा कंस हा अशा रीतीने दाखल्याची जागा बनला.

आपल्या समीक्षेतील पारिभाषिक कंस याच जागेत येऊन बसला आहे. या लेखाला खरे निमित्त त्याचेच. मराठीतील कोणताही प्रबंध उघडावा : 'विरचना' आली की पाठोपाठ कंसात इंग्रजी शब्द, 'संहिता' आली की कंसात इंग्रजी शब्द, 'चिन्हमीमांसा' आली की तोच प्रकार. पहिल्या वेळी हे समजण्यासारखे आहे. संज्ञा नवी असते, पर्याय अनेक असतात, एकाच मूळ संज्ञेला तीन विद्यापीठांत तीन मराठी शब्द चालतात; गोंधळ टाळण्यासाठी मूळ शब्द द्यावा हे म्हणणे रास्त आहे, आणि काटेकोरपणाचा आग्रह धरणाऱ्या अभ्यासकांचा हा मुद्दा कोणी खोडू नये. पण पाचव्या पृष्ठावर आणि पन्नासाव्या पृष्ठावरही तोच कंस येत राहतो तेव्हा काटेकोरपणाचे कारण पुरत नाही. तेव्हा मराठी शब्द वाक्यात उभा असतो आणि अर्थ कंसात राहतो. वाचक मराठी शब्दावरून नजर फिरवतो, कंसातल्या शब्दापाशी थांबतो, तेथून अर्थ उचलतो आणि पुढे जातो. आधी कंस सोडवायचा, मग बाहेरचे : कंचेभागुबेवचा नियम येथे अक्षरशः लागू पडतो.

देरिदाने १९६७ च्या 'ऑफ ग्रॅमॅटॉलॉजी'त, रूसोच्या वाचनाच्या ओघात, पुरवणीच्या तर्काची चिकित्सा केली. जे पूर्णाला नुसती जोड म्हणून येते ते त्या पूर्णातली उणीव उघडी करते आणि अखेरीस त्याची जागा घेते. हा विचार मराठीत अनेकांनी समजावून सांगितला. तो समजावून सांगतानाही प्रत्येक संज्ञेमागे कंस घातले गेले, आणि ते कंस हेच त्या विचाराचे सर्वांत जवळचे उदाहरण होते याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

यावर मराठी शब्दच सोडावेत आणि इंग्रजी संज्ञा देवनागरीत लिहाव्यात, असे एक मत आहे. प्रस्तुत लेखकाला ते अगदीच त्याज्य वाटत नाही. निदान त्यात लपवाछपवी नाही. परंतु दुसरी वाट मराठीत प्रत्यक्ष चालून दाखविलेली आहे. बा. सी. मर्ढेकरांचे सौंदर्यविचारावरील इंग्रजी पुस्तक 'आर्ट्स अँड मॅन' १९३७ चे, आणि मराठी 'सौंदर्य आणि साहित्य' १९५५ चे. दोन्ही भाषांत लिहिणाऱ्या या माणसाने संवादलय, विरोधलय आणि समतोललय या संज्ञा मराठी वाक्यात चालविल्या, त्यांच्यावर युक्तिवादाचा भार टाकला. 'भावनानिष्ठ समतानता' ही संज्ञा तर कानाला मुळीच सुखाची नाही. तरीही तिच्यावर वाद झाले, तिचे खंडन झाले, तिच्या बाजूने लेख लिहिले गेले, आणि ते सारे ती संज्ञा मराठी आहे असे धरून. एखादी संज्ञा भाषेत रुजली की नाही याची कसोटी तिच्या सौष्ठवात शोधू नये; तिच्याशी मराठीत भांडता येते का, हे पाहावे. कंसातून अर्थ घेणाऱ्या संज्ञेशी भांडता येत नाही, कारण भांडण सुरू होताच ती कंसाकडे बोट दाखविते.

'म्हणजे' हा शब्द आपण या संदर्भात फार कमी लेखतो. संज्ञा वापरल्यावर 'म्हणजे' लिहिले की लेखकाला पुढचे वाक्य पूर्ण करावेच लागते. काय म्हणायचे आहे ते सांगावे लागते. कंसात तो इंग्रजी शब्द ठेवून मोकळा होतो. विद्यार्थ्यांच्या प्रबंधांत जेथे जेथे असा कंस आहे तेथे तो काढून 'म्हणजे' घालून पाहावे. काही ठिकाणी चांगले वाक्य तयार होईल. काही ठिकाणी पुढे लिहायला काहीच सापडणार नाही, आणि ती ठिकाणे मार्गदर्शकाने अधिक लक्षपूर्वक पाहावीत.

सर्जनशील लेखकांनी या खुणेशी अधिक मोकळेपणाने व्यवहार केला. 'कोसला'तील (१९६३) पांडुरंग सांगवीकरचे 'वगैरे' आणि 'उदाहरणार्थ' हे एका अर्थी न भरलेले कंसच आहेत : तपशील येथे असायला हवा होता, तो तुम्हांला ठाऊक आहे, आणि तो सांगण्यात अर्थ उरलेला नाही. मात्र मुख्य आणि गौण यांची उलथापालथ सर्वांत तीव्रतेने झाली ती नाटकात, आणि हे स्वाभाविक आहे, कारण नाटकाच्या छापील संहितेत कंसाला ठरलेले घर आहे. संस्कृत नाटकात 'प्रविश्य', 'स्वगतम्', 'जनान्तिकम्', 'अपवार्य' या सूचना संवादाच्या ओघातच लिहिल्या जात. पात्र प्राकृत बोलत असले तरी सूचना संस्कृतात असल्यामुळे भाषाच कंसाचे काम करी. आधुनिक मुद्रणाने त्यांना कंसात घातले. हा मजकूर प्रेक्षक कधीच ऐकत नाही आणि वाचक सहसा ओलांडून जातो. पण रंगमंचावर जे जे घडते त्यातले निम्मे त्यातूनच घडते.

तेंडुलकरांच्या 'शांतता! कोर्ट चालू आहे' (१९६७) या नाटकाच्या अखेरीस बेणारेबाईंना स्वतःच्या बचावासाठी दहा सेकंद दिले जातात. तिचे ते दीर्घ स्वगत याच दहा सेकंदांत घडते. भोवतालची माणसे गोठलेली असतात, ती बोलत राहते, आणि मग मुदत संपल्याचे सांगून खटला पुढे सरकतो. खटल्याच्या दृष्टीने पाहिले तर ती एक शब्दही बोललेली नाही. न्यायालयाच्या इतिवृत्तात त्या जागी रिकामी ओळ असेल. सबंध नाटकभर इतरांनी तिच्याविषयी जे जे सांगितले ते नोंदीत आले. तिने स्वतःविषयी जे सांगितले ते काळाच्या एका कंसात राहिले, जो फक्त प्रेक्षकासाठी उघडला होता. तेंडुलकरांनी हा कंस उघडताना आवाज खाली आणला नाही. नाटकातला सर्वांत मोठा आवाज त्यात ठेवला, आणि खटल्यातल्या पात्रांना तो ऐकू येऊ दिला नाही. या स्वगताच्या भावविवशतेवर आक्षेप घेणाऱ्यांनी ते सलग भाषण म्हणून वाचले आहे. ते गर्भित वाक्य म्हणून वाचले, तर मम्मटाने जेथे दोषाचा गुण होतो असे म्हटले ती जागा ही आहे, असे म्हणावे लागते.

परिसंवादात निबंध मोठ्याने वाचला जातो तेव्हा छापील कंसाला तोंड उरत नाही, आणि वाचणाऱ्याला तेथल्या तेथे निवड करावी लागते. कोणी मराठी संज्ञा वाचून कंस गाळतो. कोणी दोन्ही वाचतो आणि वाक्य अडखळते. पुष्कळ जण मराठी संज्ञा गिळून थेट कंसातला शब्दच उच्चारतात, आणि सभागृहात मान डोलावली जाते ती त्या शब्दाला.